वसई किल्ल्यातल्या ओसाड चर्चचे फोटो कसे काढावेत

वसईचा किल्ला १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. चिमाजी आप्पांनी तो जिंकला आणि आतली फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघांची चर्च, त्यांचे मठ हळूहळू ओस पडले. छपरं गेली, भिंती राहिल्या. इथले बहुतेक फोटो भुताटकीच्या गोष्टीसाठी काढल्यासारखे दिसतात, आणि ते मला खटकतं. इथे माणसं पुरलेली आहेत, आणि त्यांचा धर्म पाळणारी माणसं आजही वसईत राहतात. हे ध्यानात ठेवून पुढच्या पायऱ्या घ्या.

१. पहाटेची विरार लोकल पकडा. वसई रोडला उतरून बस किंवा रिक्षाने किल्ल्यात जाता येतं. नऊनंतर ऊन डोक्यावर यायला लागतं आणि दगडावरचं कोरीवकाम सपाट दिसतं. एसी लोकलने गेलात तर कॅमेरा वीसेक मिनिटं पिशवीतच राहू द्या, नाहीतर दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ट्रायपॉड किंवा ड्रोन वापरायचा असेल तर परवानगी आधी काढा.

२. पहिली फेरी रिकाम्या हातांनी मारा. कुठली भिंत कुठल्या दिशेला आहे, ऊन कुठे आधी पोहोचतं, हे पाहून ठेवा. गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं चर्च ओसाड नाही. गार्सिया वसईचेच. १५९७ मध्ये नागासाकीत त्यांना क्रुसावर चढवलं गेलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं. तिथे प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा खाली.

३. दर्शनी भिंत टिपताना कॅमेरा वर उचलू नका. उचललात की भिंत मागे कलल्यासारखी दिसते. शक्य तितकं मागे जा, कॅमेरा सरळ धरा आणि खाली जादा आलेली जमीन नंतर कापा. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या ४६ मीटर उंच मनोऱ्यालाही हाच उपाय. मग जवळ जा आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सने कमानी, खांबांचे माथे टिपा. या काळ्या दगडाला त्या काळी मोठा मान होता. गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकाच्या दर्शनी भागातलं कोरीवकाम वसईहून नेलेल्या दगडात आहे. पाऊस ओसरताना, सप्टेंबरात, ओल्या दगडाची नक्षी सगळ्यात छान उठते. मात्र शेवाळावरून पाय सटकतो.

४. आत उजेडाचा खरा झगडा असतो. वर उघडं आभाळ, खाली अंधारी कमान. रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), एफ ८ (लेन्सचं मध्यम छिद्र), आणि एकाच चौकटीचे तीन फोटो घ्या: एक बरोबर, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). ते घरी जोडता येतात. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा पिशवीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. मठाच्या ओवऱ्यांत कमानीची सावली जमिनीवर पडेपर्यंत थांबा. ती पडली की कमानींची पूर्ण रांग चौकटीत घ्या.

५. थडग्यांपाशी सर्वांत जास्त वेळ द्या. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज लेखांचे दगड आहेत, कुणाचं नाव, कुणाचं कुलचिन्ह. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, पाणी काहीही लावू नका, दगड खराब होतो. टॉर्च जमिनीलगत धरा आणि बाजूने तिरपा उजेड टाका, पुसट अक्षरंही उठून येतात. दगडावर उभं राहू नका. आधी पूर्ण दगडाचा सरळ वरून फोटो, मग एकेका ओळीचा. उद्या झीज वाढली तर वाचणाऱ्याला हाच फोटो उपयोगी पडेल.

६. शेवटी घंटेच्या मनोऱ्याची रिकामी कमान टिपा, आणि मालिका तिथे संपवू नका. वसईच्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. एक भीमाशंकरला आहे, १७२९ सालची. दुसरी नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावर, १७२१ सालची. पंचवटीत सकाळीच पोहोचा, ऊन बाजूने घ्या, आणि वसईतली रिकामी कमान ज्या अंतरावरून टिपलीत तेवढ्याच अंतरावरून ही घंटा टिपा.