पोरांना वाचायला शिकवायचंय? आधी कान, मग अक्षर, आणि घरची बोली सोबत ठेवा

आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सहा-सात पोरं बसतात, पहिली ते तिसरीची, आणि त्यांच्या आया मला फिरून फिरून एकच विचारतात, ताई याला बाराखडी तर तोंडपाठ आहे मग धडा का वाचता येत नाही? म्हणून घरी करता येईल असं सगळं क्रमाने लिहितेय, आणि शिक्षक लोक जे शब्द वापरतात ध्वनिजाणीव, डिकोडिंग, ओघ वगैरे, त्यांचा अर्थपण सांगते म्हणजे शाळेच्या मीटिंगमध्ये बाई काय म्हणतायत ते समजेल.

पहिली पायरी: कान

ध्वनिजाणीव म्हणजे बोललेल्या शब्दातले आवाज सुटे सुटे ऐकू येणं. याला पाटी नको पुस्तक नको, भाकरी थापता थापता होतं. 'केळी' म्हणा आणि टाळ्या वाजवा, के-ळी, दोन. 'शेवभाजी', शेव-भा-जी, तीन. मग पहिला आवाज ओळखायला सांगा, 'वांगं' कशाने सुरू होतं, अजून कोणते शब्द 'व' ने होतात. मग जरा अवघड, 'कमळ' मधला क काढला तर काय उरलं? मळ. 'बटाटा' मधला ब काढला तर? टाटा, आणि यावर पोरं इतकी हसतात की घरी जाऊन आजीलापण हाच प्रश्न घालतात. रोज पाच-सात मिनिटं दोन-तीन आठवडे करा. हे न करता अक्षरं दाखवली तर पोराला ती नुसती चित्रं वाटतात, कारण त्या चित्राला चिकटवायचा आवाजच त्याच्या कानात अजून सुटा झालेला नसतो.

याच दिवसांत गोष्टीचं पुस्तक मांडीवर घेऊन शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवा. डावीकडून उजवीकडे जायचं, वरची रेघ तुटली की शब्द संपला, एवढं कळलं की झालं.

दुसरी पायरी: थोडी अक्षरं, लगेच शब्द

क ख ग घ ङ अशा ओळीने जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. ङ शिकून पोरगं वाचणार काय? म, र, क, न, ल एवढी पाच घ्या आणि लगेच काना द्या. मका, नाक, कान, काका, मामा, नाना, लाल, काल, मला, इतके शब्द आठवड्याभरात हाती येतात आणि 'मला वाचता येतं' हे पोराला स्वतःला जाणवतं, ती फार मोठी गोष्ट आहे. दिसायला सारखी अक्षरं, म-भ, घ-ध, ब-व, एकाच आठवड्यात आणू नका, एक पक्कं झालं की मगच दुसरं.

अजून एक, 'क कमळाचा' हे गाण्यापुरतं ठीक. आमच्याकडे एक मुलगा 'मका' वाचताना खरंच 'म मगराचा क कमळाचा' म्हणायचा आणि तिथेच अडकायचा, मगर आणि कमळ यांच्यात मका कुठे सापडणार. अक्षर दाखवलं की फक्त आवाज, म, का, आणि मग जवळ आणत मका. याला जोडून वाचणं म्हणतात, आणि अक्षरावरून आवाज, आवाजावरून शब्द या सगळ्या कामाला डिकोडिंग.

इथे मराठीतली एक अडचण आहे. प्रत्येक सुट्या अक्षरात 'अ' असतो पण बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' गळतो, आपण 'घर' म्हणतो तेव्हा र पूर्ण म्हणतच नाही. पोरगं मात्र घ... र... असं दोन्ही पूर्ण म्हणतं आणि त्याला तो शब्द ओळखू येत नाही. ओरडू नका, 'आता पटकन म्हण' एवढंच सांगा, दोनदा पटकन म्हटलं की त्याचं त्यालाच घर दिसतं. तसंच 'चहा' आणि 'चाक' मधला च लिहायला एक पण बोलायला वेगळा, तेही बोलूनच कळतं, नियम सांगत बसू नका.

तिसरी पायरी: काना, वेलांटी, मात्रा

बाराखडी गाता येणं आणि ओळखता येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तपासायचं तर क्रम मोडा, कू वर बोट ठेवा, मग के, मग कि. जे पोरगं 'क का कि की' असं सुरुवातीपासून म्हणत बोटापर्यंत पोचतं त्याला गाणं येतं, चिन्ह येत नाही. एका वेळी एकच चिन्ह घ्या, काना पक्का झाला की दुसरी वेलांटी, ती सोपी कारण अक्षराच्या नंतर येते. पहिली वेलांटी नंतर, कारण ती लिहिलेली आधी आणि बोलायची नंतर, 'दिवा' मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि पोरगं बावरतं.

सरावाला आमच्या खान्देशात एसटी स्टँडसारखी जागा नाही. अमळनेरला बसची वाट बघत पाऊण तास जातोच तर बोर्ड वाचा. 'धरणगाव' मध्ये फक्त एक काना. 'यावल' सोपं. 'रावेर' मध्ये मात्रा आली, 'पाचोरा' मध्ये काना-मात्रा, 'एरंडोल' मध्ये अनुस्वार, 'मुक्ताईनगर' आणि 'साक्री' ला जोडाक्षर. मी भाचीला घेऊन जायचे तेव्हा ती 'पाचोरा' ला 'पाचारा' म्हणाली, मी फक्त 'चो' च्या डोक्यावर बोट दाखवलं, गाडी सुटेपर्यंत तिने स्वतः दुरुस्त केलं. चित्र किंवा रंग बघून शब्द ओळखणं मात्र वाचन धरू नका, ट्रॅक्टरवरचं नाव सगळ्या पोरांना 'वाचता' येतं, तेच शब्द कागदावर लिहा मग बघा.

जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, आणि र ला वेगळा वेळ द्या, चक्र, ट्रक, सूर्य, दऱ्या, चार ठिकाणी चार रूपं.

चौथी पायरी: अर्थ, आणि घरची बोली

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. १९८६ साली गॉफ आणि टनमर या वाचनाच्या दोन अभ्यासकांनी वाचन म्हणजे डिकोडिंग गुणिले भाषेची समज असं मांडलं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे दोन्हीतलं एक शून्य असलं तर वाचन शून्य. धडाधडा वाचणारं पण काहीच न समजणारं पोरगं आपण सगळ्यांनी पाहिलंय. उलट बाजूने बघा, आपल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी कागदावर उतरवली ती मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी, पण भाषेची समज केवढी अफाट होती. आपल्या घरातल्या आज्यांकडेही ही समज असते, पोरांना ती द्या, बोला, ओव्या म्हणा, आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी ऐकवा.

आमच्याकडे एक मुलगी 'डोळा' ला 'डोया' वाचायची, घरी अहिराणी, म्हणजे आपली खान्देशी बोली, 'मना डोया दुखस' (माझा डोळा दुखतो) असंच ती बोलते. कुणीतरी तिला हे चूक आहे म्हणून वर्गासमोर थांबवलं, त्यानंतर ती महिनाभर मोठ्याने वाचेना. खरं तर तिने अक्षर ओळखलं, अर्थ लावला आणि स्वतःच्या भाषेत म्हटला, ही हुशारी झाली! अशा वेळी एवढंच म्हणा, हो डोया, आणि पुस्तकात त्याला डोळा लिहितात, चल ळ दाखव. शाया-शाळा, केयी-केळी, काया-काळा अशा जोड्या तिच्याकडूनच वहीत लिहून घेतल्या, पंधरा दिवसांत ळ ची भीती गेली. धडा वाचून झाला की काय झालं ते अहिराणीत सांगू द्या, समजलंय का नाही ते तिथेच कळतं.

पाचवी पायरी: ओघ

ओघ म्हणजे न अडखळता, बरोबर आणि बोलल्यासारखं वाचणं. यासाठी चार-पाच ओळींचा एकच उतारा तीन-चार दिवस वाचायचा, पहिल्यांदा तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. घड्याळ लावून शर्यत नको, पोरं शब्द गिळायला लागतात. अडलं तर मनात पाच मोजा आणि मगच मदत करा, बऱ्याच वेळा तेवढ्यात त्याचं तो काढतो.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, कापूस वेचणीच्या दिवसात दहा झाली तरी चालेल पण खाडा करू नका. आणि दोन-तीन महिने नीट करूनही अक्षर आवाज जुळतच नसेल, किंवा पोरगं पुस्तक नाकाला लावून बघत असेल, हाक ऐकू येत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं, आणि शिक्षकांशी बोला. मारून काही होत नाही.