खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी, कोकणातल्या घरात

"समुद्र दारात आहे, दोन कळशा पाणी आणलं की झालं की!" मी टाकी मांडली तेव्हा शेजारच्या काकांचा हा सल्ला. तो ऐकू नका. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ नि सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात खाड्यांतून येणारं गोडं पाणी मिसळून खारेपणाही उतरतो.

पहिली टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घ्या. लहान टाकी स्वस्त पडते, पण थोड्या पाण्यात छोटी चूकही माशांच्या जिवावर बेतते. भरल्यावर पाण्याचंच वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास जातं. लोखंडी स्टँड इथल्या हवेत गंजतो, म्हणून मी जांभ्या चिऱ्यांचा ओटा बांधून घेतला. वर थर्माकोल, मग टाकी. थेट ऊन नको, शेवाळ माजतं.

आरओच्या (फिल्टरमधून क्षार काढलेल्या) पाण्यात मरीन सॉल्ट, म्हणजे मत्स्यटाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ घाला, लिटरला साधारण 35 ग्रॅम. जेवणातलं मीठ चालत नाही, त्यात समुद्राचे बाकीचे क्षार नसतात. मीठ प्लास्टिकच्या बादलीतच विरघळवा. तांब्याची कळशी नको, तांब्याचा अंश शंख-खेकड्यांना मारतो. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं छोटं उपकरण) घनता 1.025 आणि तापमान 25 ते 27 अंश हवं. मे महिन्यात पाण्यावर छोटा पंखा सोडा.

फिल्टर, लाटा करणारा पंप आणि दगड बसवले की लगेच मासे आणू नका. एक सोललेली कोळंबी जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात सोडा. ती कुजते, माशांना विषारी असा अमोनिया होतो आणि त्यावर जगणारे जिवाणू वाढतात. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, तेही विषारीच, आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. घरात वास सुटतो, "ही कोळंबी कढीत का नाही घातली?" हेही ऐकावं लागतं. जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की क्लाऊनफिशची जोडी आणा, तीही पैदास केंद्रातली.

माझी चूक वेगळीच होती. पातळी उतरली की मी खारं पाणी ओतायचो. पण पाणी उडतं, मीठ मागे राहतं! महिन्याभरात घनता 1.030 झाली आणि मासे पर मिटून कोपऱ्यात बसले. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ पाणीच घाला. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना मात्र खारं, आदल्या दिवशी कालवलेलं.

मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळाचा तुकडा दिसला तर उचलू नका. प्रवाळ आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

आणि वीज. रात्रभर लाइट गेली तर पाण्यातला प्राणवायू संपतो. सेलवर चालणारा एअरपंप घेऊन ठेवा आणि मिरग लागायच्या आत त्याचे सेल बदला.