ठोके उतरले की मगच पुढचा राउंड

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर पहाटे ४०० मीटरचे आठ राउंड पळायचो, पण सहाव्यालाच दम संपायचा. मधली विश्रांती ठरलेली, ९० सेकंद. मे महिन्यात तर चौथ्यालाच पाय जड व्हायचे.

मग सेकंद मोजणं सोडलं आणि हृदयाचे ठोके बघायला लागलो. जोरात पळताना माझे ठोके मिनिटाला १७५ पर्यंत जातात. ते १३० च्या खाली आले की पुढचा राउंड. सुरुवातीला मिनिटभर पुरतं, शेवटी अडीच मिनिटंही लागतात. उकाड्यात जास्तच, कारण अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि हृदयावर जादा ताण येतो. विश्रांतीत मी उभा राहत नाही, चालत राहतो.

मनगटावरच्या घड्याळानं मात्र फसवलं. ते ठोके उशिरा दाखवतं, कधी पावलांचाच ताल मोजतं. ठोके मोजणारा छातीचा पट्टा घेतला, ओला करून बांधला, तेव्हा कुठं आकडे पटायला लागले.

१३० हा माझा आकडा. तुमचा वय आणि तयारीप्रमाणे वेगळा निघेल. तीन मिनिटांतही ठोके उतरले नाहीत, तर त्या दिवशी मी तिथंच थांबतो. आता आठही राउंड जवळपास सारख्याच वेळेत होतात.