कॅम्पिंग ट्रेलरच्या पायांची दुरुस्ती आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत त्यांची निगा

कॅम्पिंग ट्रेलर गाडीपासून सोडवला की पुढच्या अंगाचा भार दोन लोखंडी पायांवर येतो आणि त्या पायांचा भार खालच्या वीतभर पावलांवर, म्हणजे पायांच्या तळाशी जमिनीवर टेकणाऱ्या प्लेटांवर. गोव्यात गंज आधी या पावलांनाच लागतो. जून ते सप्टेंबर सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, उरलेले महिने समुद्रावरून येणारी खारी हवा, वर पावलांना चिकटलेली वाळू नाहीतर खाजनाकाठचा (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीचा) खारट चिखल. सतत ओल्या जमिनीवर टेकलेलं पाऊल कधी पुरतं सुकतच नाही.

गंज दिसला की बहुतेक जण वरून रेड ऑक्साइडचा हात मारतात. पुढच्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात, कारण आत मीठ तसंच राहिलेलं असतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि रंगाआड लोखंड खात राहतं. म्हणून या कामात रंगाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व धुण्याला आहे.

आधी भार दुसरीकडे द्या

कठीण, सपाट जमिनीवर ट्रेलर उभा करा. जमत असेल तर तो गाडीला जोडलेलाच ठेवा. चाकांच्या पुढेमागे दोन्ही बाजूंनी अडण्या लावा आणि चॅसीच्या मजबूत आडव्या पट्टीखाली अ‍ॅक्सल स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली हात घालू नका. जॅक सरकला तर बोटं वाचत नाहीत. वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गॅसचा सिलिंडर ट्रेलरपासून लांब नेऊन ठेवा.

पाऊल काढून तपासा

पाऊल सहसा एका आडव्या बोल्टवर किंवा पिनेवर डुलतं, म्हणजे जमीन थोडी तिरकी असली तरी ते सपाट बसतं. हा बोल्ट गंजून अडकला असेल तर भेदक तेल (फटीत शिरून गंज सैल करणारं पेनिट्रेटिंग ऑइल) मारून रात्रभर ठेवा. तरीही सुटला नाही तर ग्राइंडरने कापून टाका. तो पुन्हा वापरायचाच नाही, त्यामुळे हळहळ नको.

आता पाऊल उलटं करा. खरा गंज खालच्या चॅनलच्या (पन्हळीसारख्या दुमडलेल्या भागाच्या) कोपऱ्यात आणि वेल्डच्या कडेला लपलेला असतो. हातोडीने हलकेच वाजवून बघा. चांगलं लोखंड खणखणतं, आतून सडलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे पडतात. जाडी मूळच्या दोन-तृतीयांशाहून कमी उरली असेल, वेल्डला चीर गेली असेल किंवा बोल्टचं भोक लांबट झालं असेल, तर डागडुजी न करता नवी प्लेट बसवा.

वाकलेल्या पावलाचं कारणही शोधा. पाय पुरता वर न घेता गाडी ओढली गेली, किंवा उतारावर पाऊल एकाच कडेवर टेकलं, ही दोन कारणं नेहमीची. कडा थोडी वाकली असेल तर जाड लोखंडावर ठेवून ठोकून सरळ होते. मात्र पायाच्या आतली, वरखाली सरकणारी नळी वाकली असेल तर ती ठोकत बसू नका. अख्खा पाय बदला. ठोकलेली नळी पुन्हा त्याच जागी वाकते आणि ट्रेलर आपल्यावर येऊ शकतो.

नवी प्लेट आणि वेल्डिंग

सहा मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची प्लेट मध्यम ट्रेलरला सहसा पुरते, पण जुनी प्लेट जाड असेल तर तेवढीच घ्या. चारही कोपरे गोल करून घ्या, कारण टोकदार कोपऱ्यावर रंग टिकत नाही. खालच्या चॅनलमध्ये पाणी साचणार असेल तर सर्वांत खोल जागी पाणी निघून जायला एक भोक पाडा. हे भोक वर्षानुवर्षं पाऊल वाचवतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

वेल्डिंगचा सराव नसेल तर हे काम अनुभवी माणसाकडेच द्या. डिचोली-उसगाव पट्ट्यात खाणींच्या ट्रकांची कामं केलेले फॅब्रिकेटर आहेत, मांडवीकाठी बार्ज दुरुस्त करणारे आहेत; खाऱ्या पाण्यातलं लोखंड त्यांना पाठ असतं. जुनं पाऊल जस्ताचा मुलामा दिलेलं असेल तर वेल्डच्या जागेचा जस्त आधी घासून काढायला सांगा. जस्ताच्या धुराने ताप भरतो, म्हणून काम उघड्या हवेत, तोंडाला योग्य मास्क लावून व्हावं.

मीठ धुवा, मगच रंग

सुटा गंज वायर ब्रशने आणि ग्राइंडरच्या वायर कपने काढा. नंतर गोड्या पाण्याने, साबण लावून, पाऊल कोपऱ्याकोपऱ्यांतून घासून धुवा आणि भरपूर पाण्याने खंगाळा. सुकल्यावर पुन्हा ब्रश मारा आणि पुन्हा धुवा. गंजाच्या खड्ड्यांत अडकलेलं मीठ एका धुण्यात निघत नाही. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं पक्क्या थरात रूपांतर करणारं रसायन) लावता येतं, पण डब्यावर सांगितल्याप्रमाणे ते धुऊन वा सुकवूनच पुढे जा.

उघडं लोखंड काही तासांतच तांबूस पडतं, म्हणून प्रायमर त्याच दिवशी लावा. पहाटेची वेळ टाळा. दंव पडत असतं आणि डोळ्याला न दिसणारी ओल लोखंडावर बसते. धातूचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्याच्या) निदान ३ अंश वर असावं, असा रंगकामाचा नियम आहे. गोव्यात डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी दहाच्या पुढे ऊन लागून लोखंड कोरडं झालं की सुरुवात करा, आणि दुपार कलायच्या आत आटपा. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

आधी सगळ्या कडा, वेल्ड आणि भोकांचे काठ ब्रशने रंगवा, नंतर पूर्ण पाऊल. जस्तयुक्त प्रायमर, त्यावर दोन भाग मिसळून लावायचा एपॉक्सी रंग, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. हा थर साध्या इनॅमलपेक्षा महाग पडतो, पण खाऱ्या हवेत तोच टिकतो. दोन हातांमधला वेळ डब्यावर दिलेला पाळा. एपॉक्सी हाताळताना हातमोजे घाला.

बोल्ट आणि वंगण

नवा बोल्ट ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा दर्जा), हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला घ्या. जुना बोल्ट दुकानात दाखवून तेवढ्याच लांबीचा मागा, आणि भोकातून जाणारा भाग बिनआट्यांचा असेल हे बघा, कारण आटे भोकाला करवतीसारखे कापतात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असल्याने आपोआप न सुटणारा) लावा, पण पाऊल हाताने डुलेल इतका सैल ठेवा. बोल्टवर मरीन ग्रीस लावा. सरकत्या नळीच्या उघड्या भागावर मात्र ग्रीस नको. वाळू चिकटून नळी घासते. तिथे कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे पुरे.

पावलाखाली काय

एका पायावर ५०० किलो भार धरला तर १५ सेंटिमीटर चौरस पावलाखाली दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोहून जास्त दाब पडतो. खाली ३० सेंटिमीटर चौरस फळी घातली की तोच दाब अर्ध्या किलोवर येतो. मऊ जमिनीत एवढ्यानेच पाय रुतणं थांबतं. जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा घालायची सवय इथे बरीच आहे. जांभा सच्छिद्र असतो, ओला झाला की ताकद हरवतो आणि कडेवर भार आला की फुटतो. त्यापेक्षा मरीन प्लायचे १८ मिलिमीटरचे दोन थर एकत्र चिकटवून घ्या, किंवा माट्टीची (ऐनाची) जाड फळी. जाड एचडीपीई प्लास्टिकची फळी सर्वांत टिकाऊ. पाणी शोषत नाही, धुतली की झालं. वाळूत गाडी नेऊच नका, गोव्याच्या किनाऱ्यांवर त्याला मनाईच आहे.

मुक्कामाहून घरी आल्यावर पावलं गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळू द्या. पावसाळ्यापूर्वी खरचटलेल्या जागांवर एपॉक्सीचा हात मारा, पाणी जायचं भोक काडीने मोकळं करा आणि पावलं मातीपासून वर, फळ्यांवर ठेवा. वरून प्लास्टिकची पिशवी बांधू नका. आत ओल कोंडते आणि गंज झपाट्याने वाढतो. छपराखाली वारा खेळेल अशी जागा मिळाली तर जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या उघडीपीच्या दिवशी बोल्ट हलवून बघा आणि लागलं तर ग्रीस भरा.