गल्लीतलं छोटं काम महापालिकेच्या निधीतून कसं करून घ्यावं

सांगलीत कुठल्याही कॉलनीची बैठक बसली की ‘महापालिकेकडून निधी आणू’ असं कुणीतरी म्हणतंच. पण हा निधी मंडळाच्या खात्यावर जमा होत नाही. काम ठेकेदार करतो, बिलही त्यालाच मिळतं. आपल्याला करायचं ते एवढंच: आपलं काम मंजूर यादीत घालून घेणं.

सुरुवात जागेपासून करा. बाकं, पेव्हिंग ब्लॉक, व्यायामाची साधनं हे सगळं नंतर. आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढा, नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची (लेआउटच्या नकाशाची) नक्कल मागा. नकाशात ‘खुली जागा’ असते, उताऱ्यावर मात्र अजून मूळ मालकाचं नाव दिसतं, असं होऊ शकतं. गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, तर हे हमखास तपासा. 2001 च्या कायद्याने त्या वस्त्या नियमित करायची वाट काढली खरी, पण सगळे रस्ता म्हणून वापरतात ती पट्टी कागदावर खासगीच असू शकते. तिथे सार्वजनिक पैसा खर्च करायला अभियंता सही देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

मग अर्ज. ‘आमच्या भागाचा विकास व्हावा’ असा अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी असं लिहा: ‘मारुती मंदिराच्या कोपऱ्यापासून नाल्यापर्यंत अंदाजे 60 मीटर लांबीची उघडी गटार बंदिस्त करावी.’ सोबत दोन फोटो, हाताने काढलेला नकाशा, उतारा आणि रहिवाशांच्या सह्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

एकच काम मागा. माझं मत विचाराल तर बाकांआधी गटार. गावभागासारख्या, 2019 च्या महापुरात पाणी शिरलेल्या भागात तर पाण्याची वाट अडवणारी कंपाउंड भिंत मागूच नका.

अर्जाची एक प्रत नगरसेवकांना द्या, एक प्रभाग कार्यालयात. महापालिकेच्या अंदाजपत्रकात जमलं नाही तर आमदार निधी, खासदार निधी किंवा जिल्हा नियोजन समितीकडून येणारा नगरोत्थान या राज्याच्या शहरविकास योजनेचा पैसा, हे मार्ग आहेत. खासदारांना वर्षाला 5 कोटींपर्यंतची कामं सुचवता येतात, पण त्यात सगळा मतदारसंघ आला. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून दिवाळी झाली की अर्ज द्यावा. मार्चमध्ये गेलात तर सगळे बिलांत बुडालेले असतात.

शाखा अभियंता पाहणीला येतील तेव्हा दोघंतिघं तरी हजर राहा. चेंबर कुठे आहे, पावसात पाणी कुठवर चढतं, हे जागेवरच दाखवा. एस्टिमेट त्यावरच बनतं. पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर. इथे आपल्या हातात फक्त पाठपुरावा. वर्क ऑर्डर निघूनही जागेवर काम सुरू झालेलं नसेल आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली, तर काम थांबतं. म्हणून ऑर्डर निघाली की ठेकेदाराच्या मागे लागा.

काम चालू असताना एस्टिमेटची नक्कल जवळ ठेवा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागा, उत्तराची मुदत 30 दिवस. काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारतात का, एवढं तरी बघाच. बिलाआधी मोजमाप पुस्तकात नोंद होते. त्या मोजणीला टेप घेऊन उभं राहायला काही हरकत नाही. दोषदायित्व कालावधी किती आहे तेही विचारून ठेवा. त्या मुदतीत झाकण फुटलं किंवा ब्लॉक खचला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने, फक्त तक्रार लेखी हवी.