पेशीविभाजन आणि कर्करोग: अभ्यासात आणि बोलण्यात होणाऱ्या या चुका टाळा

अकरावीच्या जीवशास्त्रातील पेशीविभाजनाचे प्रकरण सोपे समजले जाते. चार अवस्थांची नावे पाठ झाली आणि आकृत्या जमल्या की ते संपले, असे मानून विद्यार्थी पुढे जातात. ठाण्यात हा विषय शिकवताना मला वारंवार जाणवते, की तेथे राहून गेलेला गोंधळ पुढे घरात कोणाला कर्करोगाचे निदान झाले, तर डॉक्टरांचे बोलणे समजून घेताना आडवा येतो. म्हणून उत्तरपत्रिकेतल्या आणि घरातल्या बोलण्यातल्या चुका येथे एकत्र घेतल्या आहेत. पेशी विभागते कशी हे आपण शिकतो, पण ती कोठे थांबते आणि कशाची तपासणी झाल्यावर पुढे जाते, हे शिकायचे राहते. बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते.

इंटरफेजला विश्रांतीचा काळ समजणे

इंटरफेज म्हणजे दोन विभाजनांमधला काळ. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील पेशी शांत दिसते, म्हणून पूर्वी या अवस्थेला विश्रांतीची अवस्था म्हणत, आणि ते शब्द अजूनही उत्तरपत्रिकांत उतरतात. प्रत्यक्षात पेशीचे सर्वांत मोठे काम याच काळात होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचे चक्र साधारण २४ तासांचे धरले, तर त्यातील प्रत्यक्ष सूत्री विभाजन जेमतेम तासाभराचे असते. उरलेल्या वेळात पेशी जी १ या टप्प्यात वाढते, एस टप्प्यात डीएनएची प्रत काढते आणि जी २ टप्प्यात विभाजनाची तयारी पूर्ण करते. डीएनएची प्रत इंटरफेजच्या एका ठरावीक कालखंडातच निघते, हे ॲल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५३ मध्ये बाकल्याच्या रोपांची मुळे वापरून दाखवून दिले.

खरोखर चक्राबाहेर थांबलेली पेशी वेगळी असते आणि तिच्या अवस्थेला जी शून्य म्हणतात. परिपक्व चेतापेशी तेथे बहुधा कायमची थांबते. यकृताची पेशी मात्र यकृताचा तुकडा कापला गेला, तर पुन्हा चक्रात परतते.

गुणसूत्रे आणि डीएनए यांची मोजणी एकच मानणे

सर्वाधिक गुण याच चुकीमुळे जातात, आणि पुढचे सारे आकलनही येथेच बिघडते. एस अवस्थेत डीएनए दुप्पट होते, म्हणून गुणसूत्रेही ४६ ची ९२ होतात, असे अनेक विद्यार्थी लिहितात. तसे होत नाही. प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघते, परंतु मूळ आणि प्रत ही दोन अर्धगुणसूत्रे गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेलीच राहतात, आणि जोपर्यंत ती जोडलेली आहेत तोपर्यंत त्यांना मिळून एकच गुणसूत्र मोजायचे असते. त्यामुळे जी २ मधील मानवी पेशीत गुणसूत्रे ४६, अर्धगुणसूत्रे ९२ आणि डीएनए जी १ च्या दुप्पट, असा हिशेब येतो. पश्चावस्थेत, म्हणजे गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे ओढली जाण्याच्या अवस्थेत, जोड सुटला, की प्रत्येक अर्धगुणसूत्र हे स्वतंत्र गुणसूत्र ठरते आणि विभागत असलेल्या त्या एका पेशीत थोडा वेळ ९२ गुणसूत्रे असतात. मग विभाजनातून बनणाऱ्या दोन्ही जन्य पेशींना ४६-४६ मिळतात. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे १६ असतात. हाच हिशेब तिच्यावर एकदा कागदावर करून पाहावा, म्हणजे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

जोड सुटण्याच्या आधीचा क्षण महत्त्वाचा असतो. मध्यावस्थेत, म्हणजे गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी रांगेत आल्यावर, प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही ध्रुवांकडून तर्कुतंतू (गुणसूत्रांना ओढणारे धागे) येऊन चिकटले आहेत की नाही, याची पेशी तपासणी करते. एक जरी गुणसूत्र मोकळे असेल, तरी पश्चावस्था सुरू होऊ दिली जात नाही. ही तपासणी ढिली पडली, तर एका जन्य पेशीत गुणसूत्र जास्त आणि दुसरीत कमी जाते. कर्करोगाच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या पुष्कळदा विस्कटलेली आढळते, त्यामागे हे एक मोठे कारण असते.

स्लाइड बिघडवणाऱ्या चुका

कांद्याच्या मुळाच्या प्रयोगात विद्यार्थी बहुधा मुळाचा मोठा तुकडा घेतात. विभाजन होते ते टोकाच्या दोन-तीन मिलिमीटर भागात. त्याच्या वरच्या भागातील पेशी नुसत्या लांब होत असतात. ॲसिटोकार्मिन या लाल रंगात हलके गरम केल्यावर टोकाचा भाग अधिक गडद लाल दिसतो, तेवढाच कापून घ्यावा. आम्लाची क्रिया कमी झाली तर पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत आणि कव्हरस्लिप दाबूनही लालसर ढिगाराच दिसतो. दाबताना कव्हरस्लिप बाजूला सरकू देऊ नये. बोट सरळ खाली दाबावे.

चांगल्या स्लाइडमध्येही बहुतेक पेशी गोल, सारख्या रंगाच्या केंद्रकाच्याच दिसतात, आणि मग मुलांना स्लाइड फसली असे वाटते. ती फसलेली नसते, कारण पेशीचा बहुतेक वेळ इंटरफेजमध्येच जातो. काचेखाली सापडलेली एखादी पश्चावस्था, म्हणजे एकमेकांपासून दूर ओढले जाणारे लाल धाग्यांचे दोन झुबके, शोधायला पाच-दहा मिनिटे द्यावीच लागतात.

कांद्याला मुळेच फुटली नाहीत, तर कांदा तपासावा. साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून कांद्यावर गॅमा किरणांचा मारा करण्याची सोय लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘कृषक’ प्रकल्पात आहे. या किरणांनी विभाजनशील पेशींचे डीएनए तुटते आणि विभाजन थांबते, म्हणून असा कांदा प्रयोगाला घेऊ नये. रेडिओथेरपीही डीएनए तोडण्याच्या याच तत्त्वावर चालते. आपल्या खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत प्रोटॉन किरणांनी उपचार होतात. तेथील सारी कसोटी हा मारा गाठीवरच पडावा आणि शेजारच्या निरोगी पेशी वाचाव्यात, यासाठी असते.

आकृतीबाबत एकच सांगायचे. कांद्याच्या पेशीत प्राणिपेशीप्रमाणे ध्रुवांशी ताराकेंद्रे काढू नयेत, आणि जीवद्रव्य विभाजनात तिला खाच न दाखवता मध्यभागी पेशीपट्टिका, म्हणजे नव्या भिंतीची सुरुवात, दाखवावी.

कर्करोग म्हणजे भराभर वाढणाऱ्या पेशी, असे समजणे

हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. आपल्या आतड्याचे अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत नवे होते. अस्थिमज्जेतही अखंड विभाजन चालू असते. उलट कित्येक गाठी दुप्पट व्हायला आठवडे किंवा महिने घेतात. त्यामुळे वेग ही कर्करोगाची ओळख होऊ शकत नाही. ट्रान्स-हार्बरवरची लोकल सावकाश चालत असली, तरी लाल सिग्नल ओलांडून पुढे गेली तर धोका असतोच. येथेही तसेच आहे: थांबण्याचा सिग्नल न जुमानता पेशी विभागत राहते, हा खरा धोका.

पेशीचे हे सिग्नल सायक्लिन आणि सीडीके नावाच्या प्रथिनांच्या जोड्या चालवतात. त्यांच्या शोधासाठी लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे नोबेल मिळाले. डीएनएला इजा झाली, की पी ५३ हे प्रथिन पी २१ हे दुसरे प्रथिन तयार करवते, पी २१ सीडीकेला रोखते आणि दुरुस्तीला वेळ मिळतो; दुरुस्ती अशक्य असेल, तर पेशीला मरणाचा आदेश जातो. मानवातील सुमारे निम्म्या कर्करोगांत पी ५३ चे जनुक बिघडलेले आढळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणारा एचपीव्ही विषाणू त्या जनुकाला धक्का न लावताही तेच साधतो: त्याचे ई ६ प्रथिन पी ५३ चा नाश करवते आणि ई ७ हे आरबी या दुसऱ्या रोधक (विभाजन रोखणाऱ्या) प्रथिनाला निकामी करते. या विषाणूविरुद्ध लस आहे, आणि मुलींच्या पालकांनी तिची चौकशी वेळेत करावी असे मला कळकळीने वाटते.

‘जनुकांत बिघाड’ म्हणजे ‘घराण्यातला आजार’ मानणे

कर्करोग हा जनुकांचा आजार आहे, हे खरे. मात्र बहुतेक वेळा हे बिघाड आयुष्यात, शरीरातल्या एखाद्या पेशीत, तंबाखू-मिश्रीसारख्या कारणांनी किंवा प्रत काढतानाच्या चुकांनी साचत जातात आणि पुढच्या पिढीकडे जात नाहीत. आनुवंशिक प्रकार साधारण ५ ते १० टक्के असतात. मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचा अभ्यास करून आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मांडले, की रोधक जनुकाच्या दोन्ही प्रती जाव्या लागतात. आनुवंशिक प्रकारात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. म्हणून घरात रुग्ण असला की सर्वांना होणारच, आणि कोणीच नसला की आपल्याला होणार नाही, ही दोन्ही अनुमाने चुकीची आहेत.

सदाफुलीची पाने चावणे

आपल्या सोसायट्यांच्या कुंपणालगत सदाफुली बारा महिने फुललेली असते, आणि तिच्यापासून कर्करोगाचे औषध बनते, ही माहितीही खरीच आहे. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधे तिच्यातील अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतीत बनणारी रसायने, आहेत. ती तर्कुतंतू घडू देत नाहीत, त्यामुळे विभागणारी पेशी मध्यावस्थेपाशी अडकते. पण औषधाला कर्करोगाची पेशी ओळखता येत नाही. अशा औषधांनी केसांच्या मुळांतील आणि अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही अडकतात, म्हणून केस जातात किंवा पांढऱ्या पेशी घटतात. चेतापेशी तर विभागतही नाहीत, तरी त्यांच्या लांब धाग्यांतून वाहतूक करणाऱ्या नलिका तर्कुतंतूंच्याच प्रथिनाच्या बनलेल्या असल्याने व्हिन्क्रिस्टीन घेणाऱ्यांच्या बोटांना मुंग्या येतात. म्हणूनच रुग्णालयात हे औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, थेट शिरेतून दिले जाते. पानांत किती अल्कलॉइड आहे, हे चावणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. उपचार चालू असताना घरात कोणी असा रस किंवा काढा घेत असेल, तर पुढच्या केमोथेरपीपूर्वीच ते डॉक्टरांना सांगावे.