मागून ठेवायची दुखण्याची गोळी: सपोझिटरी वापरताना या चुका टाळा

अकोल्यात मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून मला आता बारा वर्षं झाली. गुडघे धरलेले, बोटं वाकडी झालेली, सकाळी उठल्यावर तासभर कंबर सरळ होत नाही असे पेशंट रोजचेच, आणि त्यातल्या काहींच्या चिठ्ठीवर असतं डायक्लोफेनॅक सपोझिटरी १०० एमजी, रात्री एक. म्हणजे मागून, संडासच्या जागेतून ठेवायची गोळी. पण हे चारचौघांत मोठ्याने सांगायला सांगणाऱ्यालाही लाज आणि ऐकणाऱ्यालाही, आणि निम्म्या चुका इथूनच सुरू होतात.

पहिली चूक माझीच सांगते. नवीन असताना एका आजींना मी हळू आवाजात सांगितलं, "आजी, ही खाली ठेवायची." दुकानात गर्दी होती, पुढचं काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आजी हजर. "तेल तेल लागलं व माय, अन् विरघळता विरघळत नाही." त्यांना छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची सवय, त्यांनी हीसुद्धा जिभेखाली ठेवली! तेव्हापासून मी स्पष्ट सांगते, संडासच्या जागेतून आत सरकवायची, तोंडात घालायची नाही, आणि समोरचा लाजला तर लाजू दे. गिळणारेही भेटलेत, पाण्यासोबत, वेष्टण काढून. वेष्टण न काढता मागून ठेवणारेही असतात, आणि ते जास्त वाईट, कारण त्या प्लास्टिकच्या किंवा फॉइलच्या कडा आतून कापतात.

"पोटात जातच नाही ना, मग पित्त कशाला होईल?"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि शिकलेले लोक जास्त करतात. गोळी तोंडातून गेली नाही म्हणजे जठराला त्रास नाही, असा हिशोब. अर्धवट खरा आहे, गोळीचा थेट स्पर्श टळतो. पण ही औषधं पोट बिघडवतात ती मुख्यतः रक्तातून. जॉन व्हेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवलं की अॅस्पिरिनसारखी औषधं (डायक्लोफेनॅकही त्यातलंच) शरीरात प्रोस्टाग्लॅन्डिन नावाचं रसायन बनणं थांबवतात, त्यासाठी त्यांना १९८२ चं नोबेलही मिळालं. सांध्यातली सूज आणि ठणका या प्रोस्टाग्लॅन्डिनमुळे वाढतो हे खरं, पण जठराचं अस्तर टिकवणं आणि किडनीला रक्त नीट पोचवणं ही कामंही तेच करतं. औषध एकदा रक्तात गेलं की ते कुठल्या दाराने आलं हे जठराला कळत नाही. त्यामुळे अल्सर आणि रक्तस्राव सपोझिटरीनेही होऊ शकतो. ज्यांना आधी अल्सर झालाय त्यांनी "मी खालून घेतो, मला चालतं" असं स्वतः ठरवू नये. डॉक्टरांनी सोबत पित्ताची गोळी दिली असेल, पँटोप्राझोलसारखी, तर ती "आता गरज नाही" म्हणून बंद करू नये.

मग ही देतात तरी कशाला? उलट्या होतायत, गिळता येत नाही, ऑपरेशननंतर तोंडाने काही चालत नाही, किंवा रात्री घेतली की सकाळचं आखडणं जरा कमी वाटतं, अशी कारणं असतात. इंडोमेथॅसिन या दुसऱ्या दुखण्याच्या औषधाची सपोझिटरीसुद्धा याच सकाळच्या आखडण्यासाठी रात्री देतात, पण तिने काही जणांचं डोकं दुखतं, गरगरतं, वयस्कर माणूस रात्री बाथरूमला जाताना पडू शकतो, हे घरच्यांना माहीत हवं.

बेरीज करा, खरंच करा

आमच्या ओळखीच्या एका काकांचं उदाहरण. रात्री सपोझिटरी, १०० एमजी. सकाळी दुखलं म्हणून घरात पडलेली व्होवेरान ५०, म्हणजे डायक्लोफेनॅकच. इथे १५० झाले, आणि डायक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मर्यादा साधारण तेवढीच. संध्याकाळी लग्नाला जायचं होतं म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन एक सुई, तीही डायक्लोफेनॅकचीच, ७५ ची. झाले २२५. काकांच्या डोक्यात मात्र हिशोब वेगळाच, "गोळी एकच खाल्ली हो, बाकी एक मागून आणि एक सुई." तिन्हींतलं औषध एकच आहे हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

आणि नाव वेगळं असलं तरी सुटका नाही. झिरोडॉल म्हणजे अॅसिक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली. सपोझिटरी चालू असताना यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता वर चढवलं तर दुखणं दुप्पट कमी होत नाही, धोका मात्र वाढतो. नुसती पॅरासिटामॉल या घराण्यातली नाही, ती बऱ्याच जणांना सोबत चालते, तरी तिच्याही मात्रेला मर्यादा आहे आणि लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारायचं. स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचता येत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठं करून बघा, किंवा सरळ आमच्याकडे घेऊन या. आणि अर्धी कापलेली स्ट्रिप, जिच्यावर नावच उरलेलं नाही, ती घरात ठेवू नका, प्लीज.

बीपी, हार्ट, किडनी

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण गुडघे दुखायच्या वयातच या तिन्ही गोष्टी घरात आलेल्या असतात. हार्ट अटॅक येऊन गेलाय, अँजिओप्लास्टी झालीये, हार्ट फेल्युअर आहे, पॅरालिसिस झालाय, अशांना डायक्लोफेनॅक देऊ नये असं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्येच सांगितलंय, आणि त्यात मागून ठेवायची गोळीही आली. हार्टसाठी इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू असेल तर रक्तस्राव व्हायची भीती वाढते. बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी, सोबत लघवी जास्त व्हायची गोळी, आणि वर ही दुखण्याची, हे तिन्ही एकत्र आले की किडनीवर एकदम भार येतो. बरेचदा बीपीची गोळी एका डॉक्टरची, हाडांची दुसऱ्याची, आणि दोन फायली एकमेकींना कधी भेटलेल्याच नसतात.

अंगात पाणी कमी असेल तर हा भार आणखी वाढतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, जुलाब-उलट्या होतात, कुणी निर्जळी उपास करतं, कुणी वारीत दिवसभर उन्हात चालतं आणि रात्री पाय ठणकतात म्हणून गोळी ठेवतं. अशा दिवशी ही औषधं नकोतच, आधी पाणी. गिधाडं का संपली आठवतंय ना? डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन त्यांच्या किडन्या गेल्या, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर आपल्याकडे बंदी आली. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही हे खरं, पण औषध तेच आहे.

अॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीने आधी कधी दम लागला असेल, अंगावर पित्त उठलं असेल, तोंड सुजलं असेल तर ही घेऊच नका. गरोदर बाईने पाचव्या महिन्यानंतर तर डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय नाहीच, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बिलकुल नाही. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ज्यांनी ती दिली त्यांनाच विचारून ही घ्या. मूळव्याधीतून रक्त येतंय, फिशर (तिथली चीर) आहे, तिथलं ऑपरेशन नुकतंच झालंय, तरीही थांबा आणि आधी सांगा.

ठेवायची कशी, आणि कुठे बिनसतं

बाहेर का येते? बहुतेक वेळा पुरेशी आत गेलेलीच नसते. संडासच्या तोंडाशी स्नायूंचं कडं असतं, गोळी त्याच्या पुढे गेली नाही तर ते कडं तिला बाहेर ढकलतं. मोठ्या माणसाला साधारण बोटाच्या पहिल्या पेरापेक्षा थोडी जास्त, एवढी आत पुरते. फार खोल ढकलायचीही गरज नाही, उलट खालच्या भागातलं रक्त बरंचसं लिव्हरला वळसा घालून थेट अंगात जातं.

आधी संडासला जाऊन या, आत मळ साठलेला असेल तर गोळी त्यात रुतून बसते आणि नीट काम करत नाही. हात धुवा. डाव्या कुशीवर झोपा, खालचा पाय सरळ, वरचा गुडघा पोटाकडे. गुडघा वाकतच नसेल, आणि आमच्या पेशंटचा तर नसतोच, तर जेवढा वाकेल तेवढा, किंवा उभं राहून एक पाय स्टुलावर, पण तोल जाणार असेल तर उभ्याने नको. गोळीला पाण्याचं बोट लावा, पुरे. व्हॅसलिनचा लपका नको. अंग सैल सोडून, श्वास सोडता सोडता सरकवा, आणि मग दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. ठेवल्या ठेवल्या संडासला लागल्यासारखं वाटतं, ती भावना थोड्या वेळाने जाते. पुढचा तासभर संडासला न गेलेलं बरं, म्हणून झोपतानाची वेळ सोयीची. थोडं तेलकट बाहेर येऊन कपड्याला डाग पडतो, तो गोळीतल्या मेणाचा असतो, एखादं पॅड लावा.

निमुळतं टोक आधी की बोथट, यावर १९९१ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात लेख आला होता, बोथट बाजू आधी घातली तर चांगली टिकते असं म्हणणारा. पॅकवर जसं चित्र आहे तसं करा, त्यापायी जागरण नको.

अख्खी गोळी लगेच तशीच बाहेर आली तर पुन्हा ठेवता येते. पण अर्धी विरघळली असेल, किंवा किती आत राहिली ते कळत नसेल, तर अंदाजाने दुसरी ठेवू नका. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. आग होणं, खाज येणं काही जणांना होतं, पण ती दिवसेंदिवस वाढली किंवा रक्त दिसलं तर बंद करून दाखवा.

एक गोष्ट डॉक्टरही सांगायची विसरतात. ज्याला आमवात आहे त्याची बोटंच धड चालत नाहीत. ते वेष्टण फाडायचं, ती निसरडी गोळी चिमटीत धरायची, मागे हात न्यायचा, कसं जमणार? माझ्या आईला जमत नव्हतं. ती सांगायची नाही, गोळ्या तशाच ठेवून द्यायची आणि विचारलं की "हो घेतली" म्हणायची. एकदा उन्हाळ्यात डबा उघडला तर सहा गोळ्या तशाच, गॅसशेजारच्या फळीवर, वितळून सपाट झालेल्या. तिने मग त्या फ्रीजरमध्ये घट्ट केल्या आणि, कमी ताकदीची हवी म्हणून, सुरीने अर्ध्या केल्या! ही गोळी अंगाच्या उबेने वितळावी म्हणूनच बनवलेली असते, त्यामुळे गरम फळीवर ती वितळणारच. आणि वितळून परत गोठली की औषध सगळीकडे सारखं राहील याची खात्री नसते, एका अर्ध्यात जास्त आणि दुसऱ्यात कमीही असेल. अशा टाकून द्या. नुसती मऊ पडली असेल तर वेष्टणासकट गार पाण्याखाली थोडा वेळ धरा, मग फाडा. कमी डोस हवा तर कमी एमजीची मागा.

आईला आता मी हातमोजा घालून ठेवून देते. पहिले दोन दिवस दोघींना अवघड गेलं, आता ती मधेच टीव्हीवरच्या मालिकेचं काय झालं ते सांगत असते. सून-मुलगा करू शकत नसतील तर नर्स, किंवा मग डॉक्टरांना सरळ सांगा की हे जमत नाही, दुसरं द्या. एकदोन गुडघेच दुखत असतील तर वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल कितीतरी कमी रक्तात जातं, त्याबद्दल विचारा.

कधी थांबायचं

डांबरासारखी काळी, चिकट संडास (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण खात्री करून घ्या), चहाच्या चोथ्यासारखी उलटी, छातीत दुखणं, दम लागणं, चेहरा सुजणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, यातलं काही दिसलं की त्याच वेळी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. पाय सुजले, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दाखवा.

आणि दुखणं थांबत नसेल तर गोळ्या वाढवू नका, आजार बघा. आमवातात ही गोळी सूज आणि ठणका दाबते, सांधा झिजायचा थांबवत नाही, त्यासाठीची औषधं वेगळी असतात आणि ती जितकी लवकर सुरू तितकं बरं. वर्षभर चिठ्ठीशिवाय हीच सपोझिटरी मागायला येणारे लोक आहेत, आणि मी देत नाही म्हणून माझ्यावर रागावलेलेही आहेत. चिठ्ठीवरचं औषध आहे ते. लांब चालणार असेल तर मधूनमधून बीपी, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि लिव्हरची तपासणी डॉक्टर सांगतात, ती टाळू नका.

आमच्या घरी उन्हाळ्यात या गोळ्या फ्रीजच्या दारात असतात, फ्रीजरमध्ये नाही, आणि स्टीलच्या डब्यात, कारण माझ्या भाच्याला त्या पांढऱ्या चॉकलेटसारख्या दिसल्या होत्या. डब्यावर आईने वाकड्या बोटांनी स्केचपेनने लिहून ठेवलंय, "खायचं नाही. आजीचं आहे."